टॅबला कीबोर्ड जोडायचा की सरळ पातळ लॅपटॉप घ्यायचा?

शोरूममध्ये टॅबखाली लावलेल्या पट्टीवर फक्त टॅबची किंमत असते. कीबोर्ड, पेन, कव्हर, एचडीएमआयचा अडॅप्टर हे सगळं काउंटरवर गेल्यावर एकेक करून वाढत जातं. लॅपटॉपच्या पट्टीवर मात्र जवळपास पूर्ण वस्तूची किंमत असते. या दोन पट्ट्या शेजारी ठेवून ‘टॅब स्वस्त पडतो’ असं ठरवणारी कितीतरी घरं मी बघते.

ठाण्यात नौपाड्यात माझं लॅपटॉप-टॅब दुरुस्तीचं दुकान आहे. दहावी-बारावीचे निकाल लागले की दुरुस्तीपेक्षा सल्ला विचारणारेच जास्त येतात. “ताई, पोरीला इंजिनिअरिंगला ॲडमिशन मिळालीये, कीबोर्डवाला टॅब घेऊ की लॅपटॉप?” मी नवीन यंत्रं विकत नाही, त्यामुळे कुठलंही मॉडेल कुणाच्या गळ्यात मारायचा प्रश्न नाही. पण घेतलेलं यंत्र दोन-तीन वर्षांनी माझ्या टेबलावर उघडून पडतं, तेव्हा कोणाचे पैसे वसूल झाले ते समोर दिसतं. त्यावरून सांगते.

प्रकार तीन आहेत. एक, सुटा टॅब ज्याला कीबोर्ड चुंबकाने चिकटतो: आयपॅड, सॅमसंगचे गॅलेक्सी टॅब, विंडोजवाला सरफेस प्रो. दुसरा, स्क्रीन पूर्ण मागे फिरणारा लॅपटॉप, त्यात कीबोर्ड सुटा होत नाही. तिसरा, साधा पातळ लॅपटॉप. मधला प्रकार दुकानदार ‘टू-इन-वन’ म्हणून दाखवतात, पण आतून तो लॅपटॉपच असतो. त्यामुळे खाली जिथे ‘हायब्रिड’ म्हणते तिथे पहिला प्रकार समजा.

कागदावर बेरीज

कोऱ्या कागदावर दोन रकाने पाडा आणि पूर्ण संच मांडा. ॲपलचं उदाहरण घेते, कारण एकाच कंपनीची दोन्ही यंत्रं एकाच महिन्यात आली. मार्च २०२५ मध्ये ११ इंची आयपॅड एअर, एम३ चिप आणि १२८ जीबी साठ्याचा, भारतात ५९,९०० रुपयांना आला. त्याचा मॅजिक कीबोर्ड २६,९०० रुपये, पेन्सिल प्रो ११,९०० रुपये. बेरीज ९८,७००. त्याच महिन्यात १३ इंची मॅकबुक एअर, एम४ चिप, १६ जीबी रॅम आणि २५६ जीबी साठा, आला ९९,९०० रुपयांना. पट्टीवर टॅब चाळीस हजारांनी स्वस्त दिसत होता, बेरजेत फरक उरला १,२०० रुपयांचा. त्या १,२०० रुपयांत रॅम दुप्पट, साठा दुप्पट, स्क्रीन मोठी. भाव तेव्हापासून हलले असतील, सणासुदीला सवलती येतात, विद्यार्थ्यांना वेगळा दर मिळतो. बेरजेची रीत मात्र हीच ठेवा.

पेन लागणारच नसेल तर ते खोडा, टॅबचा रकाना लगेच हलका होतो. सॅमसंगच्या टॅब एस मालिकेत पेन डब्यातच मिळतं, त्याचे वेगळे पैसे नाहीत. सरफेस प्रोला साधारणपणे कीबोर्डही वेगळा आणि पेनही वेगळं. उलट पेनाने थेट स्क्रीनवर लिहिणं हेच तुमचं मुख्य काम असेल, तर साध्या लॅपटॉपच्या रकान्यात ती सोय कितीही पैसे मोजून येत नाही, हेही त्याच कागदावर लिहा.

एक ओळ बहुतेक जण विसरतात: वर्ड-एक्सेल. मायक्रोसॉफ्टची ही ॲप्स फोनवर आणि लहान टॅबवर फुकट वापरून फाइलमध्ये बदल करता येतात, पण ती सोय १०.१ इंचांपर्यंतच्या स्क्रीनलाच आहे. ११ इंची टॅबवर फाइल उघडून वाचता येईल, बदल करायला गेलात की वर्गणी मागितली जाईल. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच विंडोज लॅपटॉपसोबत ऑफिसची कायमची प्रत मिळते. मिळते का, हे त्या नेमक्या मॉडेलच्या डब्यावर वाचून खात्री करा. गूगल डॉक्सवर भागत असेल तर ही ओळ शून्य.

हप्त्याचंही सांगते. ‘नो-कॉस्ट ईएमआय’मध्ये व्याजाएवढी सूट आधी दिलेली असते, पण बँक प्रोसेसिंग फी लावते आणि क्रेडिट कार्डावर व्याजाच्या भागावर १८ टक्के जीएसटी लागतो. रोख घेतलं तर काय कमी कराल, हे आधी विचारा आणि मग हप्त्याचं बोला. लॅपटॉप असो की टॅब, जीएसटी १८ टक्केच. तुमची स्वतःची फर्म जीएसटीत नोंदलेली असेल आणि यंत्र धंद्यासाठी घेताय, तर बिलावर फर्मचा जीएसटी नंबर घालायला सांगा, तो कर जमा धरता येतो.

वेग बघायचा तो विसाव्या मिनिटाचा

शोरूममध्ये सगळंच झपझप उघडतं, कारण यंत्र थंड असतं आणि काम दोन मिनिटांचं असतं. बहुतेक टॅबमध्ये पंखा नसतो. चिप तापली की ती स्वतःहून वेग उतरवते, नाहीतर काचेमागे हात लावता येणार नाही इतकी उष्णता साचेल. पातळ लॅपटॉपमध्ये बहुधा एक छोटा पंखा असतो, तो ती उष्णता बाहेर फेकतो, म्हणून तीच चिप तिथे जास्त वेळ दम धरते. पंखा नाही म्हणजे वाईट, असं मात्र नाही. मॅकबुक एअरला नोव्हेंबर २०२० च्या एम१ पासून पंखाच नाही, आणि रोजच्या कामाला ते उत्तम चालतं. पण तासभर व्हिडिओ एक्स्पोर्ट करायचा असेल तर पंखेवालं यंत्र पुढे राहतं.

चिप किती वॅटची हे बघा. इंटेलचा एन१०० हा ६ वॅटचा, नावाच्या शेवटी ‘यू’ असलेले बरेचसे १५ वॅटचे, ‘एच’वाले ४५ वॅटचे. हा आकडा जितका मोठा तितकं जड काम जास्त वेळ ओढायची ताकद, आणि तितकीच बॅटरी लवकर रिकामी. एन१०० स्वस्त टॅबमध्येही सापडतो आणि दिसायला देखण्या पातळ लॅपटॉपमध्येही, म्हणून बाहेरच्या चकाकीवर जाऊ नका.

एएमडीच्या ७००० मालिकेत एक गोष्ट नीट वाचा. ‘रायझन ५ ७५२०यू’, ‘रायझन ५ ७५३०यू’ आणि ‘रायझन ५ ७५४०यू’ ही तीन नावं सख्ख्या भावंडांसारखी दिसतात. पण तिसरा आकडा आतली पिढी सांगतो: २ म्हणजे झेन २, जी २०१९ मध्ये आलेली रचना, ३ म्हणजे झेन ३, ४ म्हणजे झेन ४. शिवाय ७५२०यू मध्ये कोर, म्हणजे चिपमधले काम करणारे भाग, चार आहेत, बाकी दोघांत सहा. तिन्हींच्या स्टिकरवर ‘रायझन ५’ हेच ठळक दिसतं. गिऱ्हाइकाला पूर्ण नंबर विचारायची सवय लागावी असं मला मनापासून वाटतं. तो नंबर सांगायला जो विक्रेता टाळाटाळ करतो, त्याच्याकडून घेऊ नका.

आता प्रत्यक्ष चाचणी. चार्जर काढायला सांगा. ब्राउझरमध्ये ‘स्पीडोमीटर’ नावाची मोफत चाचणी उघडा. ती ब्राउझरमध्येच चालते, त्यामुळे आयपॅड, अँड्रॉइड टॅब आणि विंडोज लॅपटॉप एकाच फुटपट्टीने मोजता येतात. पहिला आकडा लिहून घ्या. मग पाठोपाठ ती पुन्हा पुन्हा चालवत राहा आणि पाठीवर हात ठेवून बघा. आकडा किती घसरतो आणि कुठे थांबतो, ते टिपा. दोन्ही यंत्रांच्या थांबलेल्या आकड्यांची तुलना करा, पहिल्या आकड्यांची नको. ग्राफिक्सच्या कामाला ही चाचणी पुरेशी नाही. तिथे थ्रीडीमार्कच्या वाइल्ड लाइफ स्ट्रेस टेस्टचे निकाल परीक्षणांमध्ये शोधा. ती वीस मिनिटं सलग चालते आणि शेवटी वेग किती टक्के टिकला ते सांगते. हा टक्का म्हणजे मी वर सांगितलेलं विसावं मिनिट.

विंडोजच्या यंत्रावर आणखी एक काम करा. कंट्रोल, शिफ्ट आणि एस्केप एकत्र दाबा, टास्क मॅनेजर उघडतो. त्यात परफॉर्मन्समध्ये मेमरीवर जा. तिथे किती रॅम आहे, किती स्लॉट वापरलेत ते दिसतं. ‘रो ऑफ चिप्स’ लिहिलेलं असेल तर रॅम बोर्डावर सोल्डर केलेली आहे, म्हणजे नंतर वाढवता येणार नाही. ‘एसओडीआयएमएम’ असेल तर रॅमची पट्टी आहे, बदलता येते. हायब्रिडमध्ये रॅम सोल्डरच असते आणि आता बऱ्याच पातळ लॅपटॉपमध्येही. म्हणून सोल्डरवालं घेताना आजच १६ जीबी घ्या. ‘आठवर घेऊ, पुढे वाढवू’ हा मार्ग तिथे बंद असतो. जिथे स्लॉट आहेत आणि त्यात आठची एकच पट्टी आहे, तिथे दुसरी पट्टी टाकली की चिपमधल्या ग्राफिक्सलाही चांगलीच उभारी येते. २०२५ च्या शेवटापासून रॅमचे भाव चढलेत, त्यामुळे तो खर्च आधीच विचारून कागदावर मांडा.

साठा ‘ईएमएमसी’ (स्वस्त, संथ प्रकारचा) लिहिलेला असेल तर विंडोजचं यंत्र घेऊच नका. तिथे प्रोसेसर कितीही चांगला असला तरी अपडेट चालू झाला की यंत्र बसून राहतं.

तुमचं सॉफ्टवेअर तिथे चालतं का

बेरीज आणि वेग दोन्ही जमलं तरी गाडी इथे अडते. टॅलीप्राइम हा विंडोजचा प्रोग्रॅम आहे. सॉलिडवर्क्स आणि रेव्हिट हे डिझाइनचे प्रोग्रॅम विंडोजवरच चालतात. मोबाइल ॲप बनवायचं अँड्रॉइड स्टुडिओ आयपॅडवर बसत नाही. ॲपच्या दुकानात त्याच नावाचं काही दिसलं तरी ते पूर्ण प्रोग्रॅम नसतं, बघण्यापुरतं किंवा किरकोळ बदलापुरतं असतं. कॉलेजच्या शिक्षकांना किंवा ऑफिसच्या आयटीवाल्यांना विचारून तीन-चार प्रोग्रॅमची नावं लिहून आणा, मग दुकानात जा.

विंडोजमध्येही दोन वाटा आहेत. २०२४ पासून स्नॅपड्रॅगन एक्स चिपची यंत्रं आली (या चिपची रचना इंटेल-एएमडीपेक्षा वेगळी, तिला ‘एआरएम’ म्हणतात), सरफेस प्रोही आणि पातळ लॅपटॉपही. बॅटरीला ती फार चांगली. जुने प्रोग्रॅम त्यावर ‘प्रिझम’ नावाच्या थरामार्फत चालतात. पण हा थर प्रोग्रॅमपुरता आहे, ड्रायव्हरला, म्हणजे जोडलेली वस्तू यंत्राला ओळखू देणाऱ्या छोट्या सॉफ्टवेअरला, तो लागू होत नाही. म्हणजे सीएच्या ऑफिसातलं डिजिटल सहीचं टोकन, डीटीपीवाल्यांचं श्रीलिपीचं डोंगल, जुना डॉट मॅट्रिक्स प्रिंटर, जे काही तुम्ही यूएसबीला लावता, त्याचा एआरएमसाठीचा ड्रायव्हर आहे का हे त्या-त्या कंपनीला विचारा. नसेल तर इंटेल किंवा एएमडीचंच घ्या. आर्टिकलशिप (सीएची उमेदवारी) करणाऱ्या मुलांना मी हे दोनदा बजावते, कारण रिटर्न भरायच्या शेवटच्या तारखेला टोकन ओळखलं गेलं नाही तर धावपळ त्यांचीच होते.

कुठे बसून काम करणार

ठाणे-वाशी गाडीत ऐरोली-घणसोलीला उतरणारी मुलं मांडीवर यंत्र उघडतात ते बघा. १३ इंची लॅपटॉप साधारण २१-२२ सेंटिमीटर खोल असतो, मांडीवर बसतो. सरफेससारख्या टॅबचा मागचा स्टँड उघडला की एकूण खोली त्याहून बरीच वाढते, स्टँडची कड गुडघ्यावर येते आणि गाडीने ब्रेक मारला की घसरते. तिघांच्या बाकावर चौथ्या सीटवर बसला असाल तर विचारच नको. लिहायची फळी असलेल्या कॉलेजच्या खुर्चीवरही हीच अडचण. पण उभ्याने वाचायचं असेल, नोट्सवर खुणा करायच्या असतील, तर ४६० ग्रॅमचा ११ इंची आयपॅड एअर एका हातात राहतो आणि सव्वा किलोचा लॅपटॉप राहत नाही. वजनही संचाचंच धरा: सरफेस प्रो ११ नुसता ८९५ ग्रॅमचा, कीबोर्डसकट तोही सव्वा किलोच्या आसपास पोचतो.

पावसाळ्याचं एक. गॅलेक्सी टॅब एस९ पासून एस मालिकेतले बहुतेक टॅब आणि त्यांचं पेन आयपी६८ (धूळ-पाण्यापासून संरक्षणाचा दर्जा) आहेत, पाण्याचे शिंतोडे सहन करतात. कीबोर्ड कव्हरचं वेगळं विचारा. पातळ लॅपटॉपला सहसा असं संरक्षण नसतं, त्याला बॅगेत आतून प्लास्टिकची पिशवी लागतेच.

माझ्या टेबलावर काय दिसतं

लॅपटॉपची बॅटरी बदलायची तर खालचे आठ-दहा स्क्रू काढायचे. त्यातले दोन बहुधा रबरी पायांच्या आत लपलेले असतात. झाकण कडेकडेने सोडवायचं, बॅटरीचा कनेक्टर काढायचा, चार स्क्रू, नवी बॅटरी, संपलं. गिऱ्हाईक समोर बसून चहा पिईपर्यंत काम होतं.

टॅबला बाहेरून बहुधा स्क्रूच दिसत नाही. काचेची कड हळूहळू तापवायची, गोंद मऊ झाला की सक्शन कप लावून केसाएवढी फट करायची, त्यात पातळ पिक सरकवायची आणि चारी बाजूंनी फिरवायची. पिक जरा आत गेली तर डिस्प्लेची रिबन तुटते, जोर जास्त झाला तर काच तडकते. आत बॅटरीही चिकटवलेली. म्हणून मजुरी जास्त आणि जोखीमही. काही नवी मॉडेलं बरी आहेत. सरफेस प्रोच्या अलीकडच्या पिढ्यांत स्टँडमागे छोटं झाकण आहे, ते उघडून एसएसडी बदलता येते. पण साधारण हिशेब असा धरा: टॅबची बॅटरी उतरली की कंपनीच्या सेवा केंद्रातला दर आधी विचारायचा आणि तोही कागदावर लिहायचा.

पातळ लॅपटॉपचा कच्चा दुवा बिजागरी. बिजागरीचे स्क्रू ज्या पितळी नटांत बसतात, ते नट स्वस्त मॉडेलांत नुसत्या प्लास्टिकमध्ये रुतवलेले असतात. बिजागरी घट्ट, झाकण पातळ, आणि माणूस रोज एकाच कोपऱ्याला धरून उघडतो. मग एके दिवशी नट प्लास्टिकसकट उपटून येतात आणि स्क्रीनची कड फाकते. शोरूममध्ये कोपऱ्याला धरून झाकण सावकाश उघडा आणि मधल्या कडेकडे बघा. झाकण पिळवटताना दिसलं किंवा कडकड आवाज आला तर पुढच्या मॉडेलकडे वळा. धातूचं झाकण असेल तर दोन हजार जास्त द्यायला मी सांगेन.

हायब्रिडमध्ये तशी जागा म्हणजे कीबोर्डची घडी. आतली रिबन वर्षानुवर्षं दुमडली जाते, आणि संपर्काच्या सोनेरी टाचण्यांवर घामाचा थर बसतो. थर आयसोप्रोपिल अल्कोहोलने निघतो. रिबन गेली तर कीबोर्डच नवा.

मग कोणी काय घ्यावं

घरात एकच यंत्र असणार असेल आणि ते शिक्षणासाठी किंवा नोकरीसाठी असेल, तर पातळ लॅपटॉप, १६ जीबी रॅमचा. यावर मी ठाम आहे. इंजिनिअरिंग, कॉमर्स, सीए, आयटी या सगळ्यांना हेच सांगते. मेडिकलची मुलं वेगळी. नेरूळ-कामोठ्याच्या कॉलेजांतली मुलं दिवसभर पीडीएफवर खुणा करतात, आकृत्या काढतात. त्यांना पेनवाला टॅब खरोखर उपयोगी आहे, आणि त्यांनी महागडा कीबोर्ड न घेता साधा ब्लूटूथ कीबोर्ड घेतला तर संच परवडतोही. चित्र काढणाऱ्यांनाही टॅबच.

गणिताच्या शिकवण्या ऑनलाइन घेणाऱ्या शिक्षकांसाठी एक तिसरी वाट आहे जी दुकानात कोणी सुचवत नाही. मध्यम किमतीचा लॅपटॉप घ्या आणि त्याला काही हजारांत मिळणारी यूएसबी पेन-पाटी लावा. पाटीवर लिहायचं, स्क्रीनवर उमटतं. सवय व्हायला थोडे दिवस लागतात, पण फळ्याचं काम होतं आणि हायब्रिडवर घालायचे पैसे वाचतात.

अपडेट किती वर्षं मिळणार हेही किमतीतच धरा. विंडोज १० चा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला, आणि विंडोज ११ ला टीपीएम २.० (सुरक्षेची सोय) आणि इंटेलची साधारण आठवी पिढी किंवा पुढची लागते. त्यामुळे त्याआधीची धडधाकट यंत्रं एका तारखेला मागे पडली. सेकंड हँड घेणाऱ्यांनी हे आधी तपासावं.

घेतल्या दिवशी

डबा उघडताना मोबाइलवर व्हिडिओ काढा. पांढरा आणि काळा पडदा आणून मेलेले ठिपके बघा, प्रत्येक कळ दाबून बघा. विंडोजमध्ये कमांड प्रॉम्प्टवर ‘पॉवरसीएफजी’चा बॅटरी रिपोर्ट काढा: बॅटरीची मूळ क्षमता आणि आत्ताची पूर्ण क्षमता हे दोन आकडे नव्या यंत्रात जवळपास सारखे हवेत. फरक मोठा असेल तर ते यंत्र डेमोला लावलेलं असू शकतं, बदलून मागा. कंपनीच्या साइटवर सीरियल नंबर टाकून वॉरंटी कधीपासून सुरू झाली ते तपासा, आणि तो नंबर बिलावर आहे ना ते वाचा. कीबोर्ड वेगळा घेतला असेल तर त्याचाही सीरियल नंबर आणि त्याची वॉरंटी किती महिन्यांची, हे बिलावर वेगळ्या ओळीत लिहून मागा.